दोन्ही बाजूंचे हंबीरराव

हंबीरराव लाडांना कुणी ‘चहा की कॉफी?’ असं विचारलं, की ते ‘हो’ म्हणायचे.

बंगळूरच्या बसवनगुडीत हे सगळ्यांना पाठ होतं. शिंपी त्यांना कॉलरची रुंदी विचारत नसे, न्हावी भांग डावीकडे की उजवीकडे ते विचारत नसे. शहाण्णव साली चिन्नस्वामीवर भारत-पाकिस्तानचा सामना होता, अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे मांडी घालून बसली होती, आणि कुणीतरी सहज विचारलं, “काय हंबीरराव, कोण जिंकणार?” हंबीररावांनी शांतपणे उत्तर दिलं, “सामना चांगला व्हावा.” त्यानंतर तीन दिवस गल्लीतलं एकही माणूस त्यांच्याशी बोललं नाही.

“अहो, निदान त्या दिवशी तरी एक बाजू घ्यायची!” सोयराबाई म्हणाल्या.

“घेतली असती. पण कोणती?”

“अय्यो देवा! आणि मी ह्या माणसाबरोबर सव्वीस वर्षं काढली!”

“चांगली गेली की वाईट?”

“मला विचारता?” सोयराबाईंनी चटणीची वाटी आदळली. “तुम्ही सांगा!”

“गेली,” हंबीरराव म्हणाले.

लग्नकार्यात हंबीररावांना पंगतीत मध्ये बसवत. मराठा मंडळाच्या सभेत त्यांना शेवटच्या बाकावर बसवत. त्यांचं मत कुणी मागत नसे, कारण मागून काही मिळत नसे. माणसाला याची सवय होते म्हणतात. हंबीररावांना झाली नव्हती. सभेत अध्यक्ष आप्पाजी ‘कुणाला काही बोलायचंय?’ म्हणत सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि शेवटच्या बाकापाशी यायच्या आत नजर मागे वळवायचे. दर वेळी हंबीरराव पुढे सरकलेले पुन्हा मागे टेकायचे.

आणि मग त्यांना त्यांचा हा स्वभावच कामाला आला.

तरुणपणी ते तरगुपेठेच्या घाऊक बाजारात एका तेलाच्या दलालाकडे कारकून होते. सेठ गादीवर लोळायचा, वेलदोडे चघळायचा आणि तेजी-मंदी लावायचा. एकदा धीर करून हंबीररावांनी विचारलं, “सेठजी, भाव वर जाणार की खाली?”

सेठनं वेलदोड्याचं साल थुंकलं. “मला काय करायचंय? ज्याला वाटतं भाव वाढेल, तो मला नजराणा देतो. वाढला तर फरक मी भरतो. ज्याला वाटतं पडेल, तोही नजराणा देतो. पडला तर फरक मी भरतो. मी दोघांकडून घेतो. आणि मग देवाजवळ एकच मागतो.”

“काय?”

“भावा, बैस जागच्या जागी.”

बावीस वर्षांच्या हंबीररावांच्या अंगावर काटा आला. जगात असाही एक धंदा होता, ज्यात मत नसणं हेच भांडवल.

एक्क्याण्णव साली पेढी बंद झाली, सेठ मुलाकडे सुरतेला गेला आणि हंबीरराव घरी बसले. त्याच कार्तिकात त्यांनी कडलेकाई परिषेवर, म्हणजे बसवण्णाच्या देवळाजवळ भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेवर, आपली तेजी-मंदी सुरू केली.

गोष्ट साधी होती. मंडळातल्या काही लोकांना शेंगा घ्यायच्या असत, काहींना विकायच्या. घेणाऱ्यांना भीती महागाईची, विकणाऱ्यांना स्वस्ताईची. हंबीररावांनी मधला भाव धरला सेराला, म्हणजे एका मापाला, आठ रुपये. जत्रेच्या दिवशी भाव आठाच्या वर गेला, तर फरक घेणाऱ्यांना द्यायचा. खाली आला, तर विकणाऱ्यांना. दोघांकडून नजराणा सेरामागे आठ-आठ आणे. भाव रुपयाभर इकडेतिकडे झाला तरी हंबीररावांना काही लागत नव्हतं.

“पण भाव ठरवायचा कुणी?” पहिल्याच वर्षी आप्पाजींनी विचारलं होतं. “जत्रेत हजार टोपल्या, हजार भाव.”

त्यावर मंडळाची दोन तास सभा झाली. एकानं सगळ्या टोपल्यांची सरासरी काढा म्हटलं, दुसऱ्यानं पुजाऱ्याला विचारा म्हटलं. शेवटी ठरलं ते असं: ब्यूगल रॉक टेकडीच्या कडेला ठकुबाई बसते. निपाणीकडची बाई, कैक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथं आलेली. जत्रेतल्या इतक्या विक्रेत्यांत मराठी बोलणारी तेवढी एकच. आपल्या भाषेतली बाई आपल्याशी खोटं बोलायची नाही. तेव्हा जत्रेच्या सोमवारी सकाळी आठ वाजता हंबीररावांनी ठकुबाईकडून पहिला सेर घ्यायचा, आणि तो ज्या किमतीला मिळेल तोच त्या वर्षीचा भाव. ठकुबाईला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं तर ती बिघडेल.

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका निर्दोष नियम मंडळाच्या इतिहासात झाला नव्हता.

पहिल्या साली भाव लागला आठ. दुसऱ्या साली आठ. तिसऱ्या साली आठ. चौथ्या साली साडेआठ, पाचव्या साली साडेसात, मग पुन्हा आठ, आठ.

सात वर्षं हंबीररावांना एकदाही खोट आली नाही.

शेंगाचटणी करून घरोघर विकणारी महानंदा दर साली चारशे सेरांची तेजी घ्यायची, आणि दर साली तोंड पाडून यायची. “अण्णा, मला तर जत्रेत अकराला मिळाल्या हो. गेल्या साली बारा.”

“तुम्हाला घासाघीस जमत नाही, महानंदाबाई,” हंबीरराव मायेनं म्हणायचे. “नियमाप्रमाणे भाव आठ.”

“सरी अण्णा, बरं. नियम तो नियम.” आणि पुढच्या साली ती पुन्हा नजराणा आणून द्यायची, कारण तिला महागाईची भीती वाटायची, आणि भीतीला नियम कळत नाहीत.

देवाप्पा गाडीवाल्याचं दुःख उलटं होतं. तो मंदी घ्यायचा. एका साली शेंगा इतक्या उतरल्या की त्यानं सहा रुपयांनी विकल्या. भाव? आठ. देवाप्पानं बसवण्णापुढे नारळ फोडला, तो नासका निघाला, तेव्हा त्याला वाटलं ह्या साली आपले ग्रहच वाकडे.

अठ्ठ्याण्णव साली भाचा रणजीत या प्रकरणात शिरला. रणजीत कॉम्प्युटर कंपनीत होता, शनिवारी मामीच्या हातची कोंबडी खायला यायचा. एका शनिवारी त्यानं मामांची वही चाळली आणि तंगडी हातात तशीच राहिली.

“मामा, हे काय आहे?”

“तेजी-मंदी.”

“मामा, ह्याला मार्केट-न्यूट्रल ऑप्शन्स म्हणतात! शिकागोत लोक ह्याच्यासाठी वेडे होतात! तुम्ही हे बसवनगुडीत करताय? शेंगांवर?”

“वाईट आहे का?” हंबीररावांनी काळजीनं विचारलं. “की चांगलं?”

पुढच्या शनिवारी रणजीत कागदाची लांबलचक पट्टी घेऊन आला. दोन्ही कडांना भोकं असलेला तो कागद त्यानं दिवाणखान्यात पसरला, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. सोयराबाईंना परातीसकट त्याच्यावरून उडी मारून जावं लागलं.

“हा बघा तेलबियांचा बाजार.” कागदावर दात काढलेल्या करवतीसारखी एक रेघ होती. “आणि हे तुम्ही.” खाली दुसरी रेघ, झोपलेल्या माणसासारखी सरळ. “बाजार तीस टक्के वर, तुम्ही तिथंच. बाजार वीस टक्के खाली, तुम्ही तिथंच. आणि हे चौथं-पाचवं वर्ष बघा, साडेआठ आणि लगेच साडेसात! भाव सरासरीकडे परत आलाय! पुस्तकात आहे तस्संच!”

“तोंडात घास असताना ओरडू नकोस,” सोयराबाई म्हणाल्या. “एवढे हुशार आहेत तर सणाला साडी कुठली आणायची ते का ठरत नाही?”

हंबीररावांनी ऐकलं नाही. ते त्या सरळ रेघेकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला फोटो चांगला आलेला पाहिला होता.

बातमी मंडळात पोहोचायला दुपार पुरली. मंडळाच्या सभागृहाच्या भिंती उभ्या होत्या, स्लॅबसाठी चाळीस हजार जमले होते आणि आणखी हवे होते. रणजीतनं सभेत कागद उलगडला. ह्या साली काही शे नव्हे, तीन हजार सेर तेजी आणि तीन हजार सेर मंदी. मागे तारण मंडळाचा निधी. नजराणा आला तीन हजार, स्लॅबचं लोखंड त्यातून. आणि हे यशस्वी झालं, की हंबीरराव लाड मंडळाचे खजिनदार.

आप्पाजींनी नजर फिरवली, आणि ह्या वेळी ती शेवटच्या बाकापर्यंत गेली. तिथं थांबली.

“हंबीरराव, तुम्हाला काही बोलायचंय?”

हंबीरराव उभे राहिले. सात वर्षं, नव्हे, पन्नास वर्षं ते ह्या प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी घसा साफ केला.

“नाही,” ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या वाजवल्या नाहीत फक्त कृष्णमूर्तींनी. निवृत्त ऑडिटर. मंडळाचे ते सभासद नव्हते, पण मंडळाचे हिशेब फुकट तपासून द्यायचे, म्हणून त्यांचं फुकट ऐकावंही लागे. मराठी बोलायचे ते एकेक शब्द नाण्यासारखा वाजवून.

“सात वर्षं. एकही वाईट वर्ष नाही?”

“एकही नाही!” रणजीत म्हणाला.

“चाळीस वर्षं मी ऑडिट केलं, मिस्टर रणजीत. ज्यांचं एकही वर्ष वाईट नव्हतं, असे तीन लोक मी पाहिले. दोन तुरुंगात भेटले.”

“आणि तिसरे?”

“त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं काय चाललंय. ते आणखी कठीण.” कृष्णमूर्ती हंबीररावांकडे वळले. “छप्पर गळत नाही, चांगलं आहे. पण पाऊस पडला होता का, ते मला बघायचं. सोमवारी मी बरोबर येणार.”

“या की,” हंबीरराव म्हणाले. घरी जाताना मात्र त्यांनी सोयराबाईंसाठी साडी घेतली. जांभळी. दुकानदारानं दोन दाखवल्या आणि त्यांनी चटकन एकीवर बोट ठेवलं. स्वतःचं बोट बघून ते स्वतःच दचकले.

त्या साली तेलाचे भाव भडकले होते. कांदा तर विचारू नका. सोमवारी सकाळी बुल टेंपल रोडवर शेंगांचे ढीग लागले होते, माणसं टरफलं तुडवत चालली होती, आणि हंबीरराव नवा सदरा घालून पुढे निघाले होते. मागे आप्पाजी, रणजीत, वहीवाले कृष्णमूर्ती. त्यांच्या मागे तेजीवाले, महानंदा पुढे. त्यांच्या मागे मंदीवाले, देवाप्पा पुढे. बघणाऱ्याला वाटावं कुणाची तरी वरात.

ठकुबाईनं लांबूनच हात हलवला. “आलासा व्हय अण्णा! या या. लई मानसं आनलीसा. कुनाचं लगीन हाय?”

“नाही अक्का, असंच. बरं आहे ना सगळं?”

“गुडघं दुखत्यात. सोयराक्का कशी हाय? गेल्या साली खोकत हुती म्हनलासा.”

“बरी आहे. अक्का, सेर कसा?”

“आठ की. गेल्या सालाला आठ दिलासा, औंदाबी आठच.”

मागे मंडळानं सुटकेचा श्वास सोडला. आप्पाजींनी हंबीररावांच्या पाठीवर हात ठेवला. “खजिनदारसाहेब!” त्यांच्या कानात ते पुटपुटले. 

कृष्णमूर्ती वाकले. “एनम्मा, सेरु एष्टु?” त्यांनी कन्नडमध्ये भाव विचारला.

ठकुबाईनं वरही पाहिलं नाही. “हदिनाल्कु.”

“चौदा?” रणजीत ओरडला. “अहो आजी, आत्ता तर आठ म्हणालात!”

“त्ये अण्णास्नी. ह्ये आमचं घरचं मानूस हाय. ह्या गावात माझ्याशी माझ्या बोलीत कोन बोलतंय? ह्येच येत्यात, गुडघं इचारत्यात, भावाला घासाघीस करत न्हाईत. त्येंच्याकडनं बाजारभाव घ्यायचा? हात झडतील माझं.”

“आणि आजी,” रणजीतचा आवाज बारीक झाला, “त्या साली साडेआठ... आणि मग साडेसात?”

“सुट्टं नव्हतं की माझ्याकडं. आठ आनं माझ्याकडं ऱ्हायलं, म्हनून फुडल्या साली परत केलं. इसरतीय व्हय मी?”

रणजीत मटकन टरफलांच्या ढिगावर बसला. सरासरीकडे परत येण्याचा सिद्धांत त्याच्या डोळ्यांदेखत गुडघ्यावर हात ठेवून बसला होता.

 मग महानंदा बोलली. भांडली नाही, नुसती बोलली. “म्हणजे अण्णा, सात सालं मी खरंच अकराला न् बाराला घेत होते.”

हंबीररावांना तिच्याकडे बघवेना.

“नियम तो नियम!” आप्पाजींनी बाजू सावरली. “पहिला सेर ज्या किमतीला मिळेल तो भाव. आठ! हंबीरराव, आठ रुपये द्या आणि सेर घ्या. स्लॅबचा प्रश्न आहे.”

“कुठली किंमत लिहू?” कृष्णमूर्तींनी पेन उघडलं. “तुम्ही सांगा. निधी तुमच्या नावावर धरलेला आहे.”

आठ म्हटलं, की लोखंड आलं, खुर्ची आली, सभेत दर वेळी शेवटच्या बाकापर्यंत नव्हे तर पहिल्या खुर्चीपर्यंत नजर आली. चौदा म्हटलं, की तीन हजार सेरांमागे सहा-सहा रुपये. अठरा हजार. स्लॅबचा निम्मा पैसा शेंगांच्या टरफलांसारखा उडून जाणार, आणि मंडळ हंबीररावांना शेवटच्या बाकावरही बसू देणार नाही. आयुष्यभर हंबीररावांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला होता, आणि आज दोन्ही दगड चालायला लागले होते.

त्यांनी खिशातून चौदा रुपये काढले.

“अक्का, हे घ्या. चौदा.”

ठकुबाईचा चेहरा उतरला. “आठ म्हनलं की मी.”

“बाजारात चौदा आहे ना? मग चौदा घ्या.”

“मी काय भिकारीण हाय? घरच्या मानसानं मला वाढवून द्यावं? ऱ्हाऊ दे. साडेसात द्या!”

मागे मंदीवाल्यांत चुळबुळ झाली.

“अक्का, ऐका तर. बारा तरी...”

“सात!”

“मामा, काय करताय!” रणजीत उठून उभा राहिला. “भाव पडतोय!”

“अक्का, रागावू नका, तुमचंच नुकसान...”

“सहा! आनि आता एक शबूद बोललासा तर बगा!”

“बोला अण्णा, बोला!” देवाप्पा गाडीवाला आनंदानं नाचायला लागला. सहा म्हणजे मंदीवाल्यांना सेरामागे दोन रुपये. “आणखी थोडं बोला! सात सालांत पहिल्यांदा ग्रह सरळ झालेत!”

“गप्प बसा हंबीरराव!” आप्पाजी किंचाळले. “तोंड उघडू नका! तुम्ही बोललात की रुपया पडतो!”

“पण अक्का...”

“जावा! फुकट न्ह्या! पैसंच नकोत मला!” ठकुबाईनं सेर भरला आणि हंबीररावांपुढे धरला.

“शून्य!” देवाप्पानं टोपी हवेत फेकली. “शून्य रुपये! सेरामागे आठ! चोवीस हजार!”

“अजून घेतलेला नाही!” आप्पाजींनी हंबीररावांचे दोन्ही हात मागून धरले. “सौदा झालेला नाही! कुणीही शेंगेला हात लावायचा नाही!”

रस्त्यावर गर्दी जमली. कुणी म्हणालं पाकीटमार पकडलाय. एक आइसक्रीमवाला घंटी वाजवत येऊन उभा राहिला. कृष्णमूर्ती निर्विकार चेहऱ्यानं लिहीत होते: ‘आठ. साडेसात. सात. सहा. शून्य. वेळ, आठ वाजून बारा मिनिटं. बाजारात पुरवठा, मागणी, काहीही बदललेलं नाही.’

हंबीरराव त्या भरलेल्या सेराकडे बघत राहिले. त्यांना कळून चुकलं, की ह्या बाईशी आपल्या बोलीत बोललं, तर खरा भाव ह्या जन्मी मिळायचा नाही. जितकी विनवणी करावी तितका तो पडत जाणार. खरा भाव परक्याला मिळतो.

त्यांनी आप्पाजींच्या हातातून हात सोडवून घेतले. दोन पावलं मागे गेले. सदरा सारखा केला. आणि रस्त्यानं चाललेला कुणी एक माणूस थांबावा तसे येऊन टोपलीपुढे थांबले.

“एनम्मा,” ते म्हणाले. मराठीतला एक शब्द नाही, अक्का नाही, गुडघे नाहीत. “सेरु एष्टु?”

ठकुबाईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “अण्णा?”

हंबीररावांनी एक शेंग उचलली, फोडली, दाणा दातांखाली धरला आणि थुंकला. दाणा गोड होता. सात वर्षांत तसा गोड दाणा त्यांनी खाल्ला नव्हता. “ओल्या आहेत,” ते कन्नडमध्ये म्हणाले. “पोचट. अर्धी माती भरलीये. ह्या शेंगा तू माणसांना विकतेस की बैलांना?”

मंडळ गार पडलं. महानंदानं तोंडावर पदर धरला.

ठकुबाई हळूहळू उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण उठली, आणि उभी राहिल्यावर ती हंबीररावांपेक्षा बोटभर उंच निघाली. हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

“माती?” तिनंही कन्नडमध्येच विचारलं.

“माती. सहा रुपये देईन.”

“हदिनाल्कु.”

“दहा.”

“चौदाला एक पैसा कमी नाही. घ्यायचं तर घे, नाहीतर चालू लाग. माझ्या मालाला नावं ठेवणारी तुझ्यासारखी छप्पन्न माणसं रोज येतात.”

‘तुझ्यासारखी.’ हंबीररावांनी हातातले चौदा रुपये पुढे केले. तिनं ते घेतले. दहाची नोट उजेडात धरून पाहिली, दोन-दोनची नाणी बोटानं मोजली.

“चौदा,” कृष्णमूर्तींनी लिहिलं. मग पेन थांबवून ते म्हणाले, “मिस्टर रणजीत, तुमच्या कागदावरची सात वर्षं खोडा. हे पहिलं वर्ष.”

“पहिल्याच वर्षी पंधरा हजार तोटा,” रणजीत पुटपुटला.

“हो. आता पुढची सहा बघायला पाहिजेत. मी तोपर्यंत असलो तर.”

तेजीवाल्यांनी आप्पाजींना घेरलं. आप्पाजी सगळ्यांना एकच सांगत होते, ‘संध्याकाळी मंडळात या, मिळेल, मिळेल,’ आणि मधूनमधून हंबीररावांकडे असं बघत होते, की खजिनदारीचा विषय पुढे काढायची गरज उरली नाही. स्लॅबच्या जागी आता पत्रे येणार, हे तिथल्या तिथं ठरलं. पावसाळ्यात सभेत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येणार नाही, ही गोष्ट निघाली तेव्हा कृष्णमूर्ती म्हणाले, फार फरक पडणार नाही.

महानंदा हंबीररावांपाशी आली. तिच्या चारशे सेरांचे चोवीसशे झाले होते. काहीतरी बोलावं म्हणून ती उभी राहिली, पण हंबीरराव तिच्याकडे नव्हे, टोपलीकडे बघत होते.

ठकुबाई सेर भरत होती. आजवर ती त्यांच्या पिशवीत सेर ओतायची तो शीग लावून, वरून आणखी दोन ओंजळी टाकून, ‘नातवंडांस्नी’ म्हणून, त्यांना नातवंडं नसतानाही. आता तिनं सेर भरला, उजवा तळहात आडवा केला, आणि काठावरून सपकन फिरवला. वरच्या शेंगा खडखडत टोपलीत परत पडल्या.

“नेक्स्ट,” ती म्हणाली, आणि त्यांच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

हंबीरराव बाजूला झाले. पिशवी हलकी लागत होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर सोयराबाई भेटल्या, जांभळ्या साडीत, देवळातून येताना.

“काय हो, ठरला का भाव?”

“चौदा.”

“आणि मग? खजिनदार?”

“नाही.”

सोयराबाई चालता चालता थांबल्या. अठ्ठावीस वर्षांत, एका दमात, दोन सरळ उत्तरं. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप नाही,” हंबीरराव म्हणाले. “चल, घरी चल. ठकुबाईला मी फार वाईट बोललो.”